पाडव्याला हवामान खात्याचं संकेतस्थळ बदललं, रविवारी वादळ आलं

पश्चिमवारा (ब्रिस्बेन)

ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या नव्या संकेतस्थळावरून इथे महिनाभर जो गदारोळ चाललाय, त्याच्या बातम्या तिकडेही पोचल्या असतील. ब्युरो ऑफ मेटिऑरॉलॉजी हे खात्याचं पूर्ण नाव, पण इथे लहानथोर सगळे 'बॉम' म्हणतात. या आठवड्यात (नोव्हेंबर २०२५) खर्चाचा खरा आकडा बाहेर आला आणि आता धागा काढायलाच हवा असं वाटलं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी घटनाक्रम. २२ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे बरोबर आपल्या पाडव्याच्या दिवशी, जुनं संकेतस्थळ बाजूला सारून नवं आणलं. चारच दिवसांनी, २६ तारखेच्या रविवारी, आग्नेय क्वीन्सलंडला वादळांनी झोडपलं. गारा, सोसाट्याचा वारा, हजारो घरांची वीज गेली. लोकांनी सवयीने रडार उघडलं तर रंग वेगळे, नकाशा वेगळा, ओळखीच्या जागी ओळखीचं काहीच नाही. जोरदार पाऊस नव्या रंगांत आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो, ही तक्रार तर सगळीकडून आली. क्वीन्सलंडचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डेव्हिड क्रिसाफुली यांनी जाहीर टीका केली. आठवडाभरात खात्याने रडारचं रूप पुन्हा पूर्वीसारखं केलं आणि माफी मागितली.

मग पैसे. सुरुवातीला लोकांपुढे आकडा होता ४१ लाख डॉलर. नोव्हेंबरात नवे प्रमुख स्टुअर्ट मिंचिन रुजू झाले आणि त्यांनी सांगितलं की ४१ लाख हे फक्त वरच्या रूपाचे, सगळं मिळून खर्च ९ कोटी ६५ लाख डॉलर आहे. आपल्या रुपयांत साडेपाचशे कोटींच्या घरात. सगळी चर्चा आता त्या आकड्याभोवती फिरतेय आणि मला नेमकं तेच खटकतंय. पैशाची चौकशी व्हायची तेव्हा होईल. रडारचं काय झालं ते मात्र नीट समजून घ्यायला हवं.

मी इथल्या स्टेट इमर्जन्सी सर्व्हिसमध्ये, म्हणजे एसईएसमध्ये, स्वयंसेवक आहे. नारिंगी कपडे घालून वादळानंतर लोकांच्या फुटक्या छपरांवर ताडपत्र्या बांधणारे आम्हीच. छपरावर चढायच्या आधी टीमची प्रमुख फोन काढते आणि माउंट स्टेपिल्टनचं रडार बघते, १२८ किलोमीटरवालं. हे ठाणं ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टच्या मधे आहे. जुन्या संकेतस्थळावर त्या पानाचा क्रमांक आयडीआर६६३. आधीचे अंक ठाण्याचे. शेवटचा १ असेल तर ५१२ किलोमीटरचा पल्ला, २ असेल तर २५६, ३ ला १२८ आणि ४ ला ६४. हा क्रमांक तोंडपाठ असलेली माणसं मला माझ्या गल्लीतच दाखवता येतील.

आमच्याकडे वादळं बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतात. डोंगररांग ओलांडायची, लॉकियरच्या खोऱ्यातून खाली यायचं, मग इप्सविच, मग शहर. त्यामुळे दुपारी नजर जाते ती इप्सविचच्या पलीकडे. तिथला डाग पिवळा आहे की लाल झालाय? लालाच्या पोटात काळपट ठिपका दिसतोय का? (असला की गारांची शक्यता धरायची, कारण गारांवरून रडारची लहर फार जोरात परतते.) दोन चित्रांमधे तो किती सरकला? पुढची कड रेखीव आहे की विसविशीत? कड रेखीव असून डाग आमच्या दिशेने येत असेल तर शिडी ट्रकमधून काढायचीच नाही.

हे कोणी वर्गात बसवून शिकवत नाही. वर्षानुवर्षं तेच रंग, तीच चौकट, तोच नकाशा पाहून डोळा तयार होतो. शेजारची ऐंशीची बाई खिडकीत बसून रडारची लूप, म्हणजे एकामागून एक फिरणारी चित्रं, बघते आणि "वीस मिनिटं आहेत, गाडी आत घे" असं सांगते, आणि वीस मिनिटांत वादळ येतं. हे ज्ञान लोकांनी स्वतः कमावलेलं आहे. खात्याने रंग बदलले तेव्हा लाखो लोकांचं ते वाचन एका रात्रीत निरुपयोगी झालं, आणि तेही ऑक्टोबरमधे, आमचा वादळांचा मोसम उघडतो त्याच महिन्यात. माझा राग आहे तो यावर.


रुपेरी_कडा (मेलबर्न)

ताई, रडारबद्दल शंभर टक्के सहमत. पैशांबद्दल मात्र थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण मी याच प्रकारच्या कामात आहे (बॉममधे नाही).

९ कोटी ६५ लाखांची फोड अशी: ४१ लाख रूप बदलायला, ७ कोटी ९८ लाख संकेतस्थळाच्या बांधणीला आणि १ कोटी २६ लाख ते सुरू करायला आणि सुरक्षा तपासायला. लोकांना वाटतंय की रंग बदलायला साडेपाचशे कोटी रुपये उडवले. तसं नाहीये. २०१५ मधे बॉमच्या संगणकांमधे बाहेरून शिरकाव झाला होता आणि २०१६ मधे तेव्हाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी तो जाहीरपणे मान्य केला. खात्याची यंत्रणा संरक्षण दलाला, विमानवाहतुकीला, बंदरांना माहिती पुरवते. तिथे कोणी घुसणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. त्यानंतर 'रोबस्ट' नावाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला, सुमारे ८६ कोटी ६० लाख डॉलरचा, त्यात संगणक, निरीक्षणाची यंत्रणा, सगळंच आलं. जुनं संकेतस्थळ किती मागास होतं याची एक खूण सांगतो: बँकेपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे कुलूपबंद एचटीटीपीएसवर गेले तरी बॉमचं पान तिथे उघडत नव्हतं. "आमचं संकेतस्थळ या जोडणीला पाठिंबा देत नाही" अशी पाटी यायची. एका राष्ट्रीय खात्याची!

संकेतस्थळ म्हणजे आपण बघतो तेवढं पान नसतं. मागे शेकडो प्रकारच्या नोंदी सतत येत असतात: रडार, उपग्रह, पर्जन्यमापकं, नद्यांच्या पातळ्या, समुद्रातली तरंगती ठाणी. त्या सगळ्यांची नळजोडणी नव्याने करायची आणि एकही मिनिट पुरवठा बंद पडू द्यायचा नाही, हे खर्चिक काम आहे. किती खर्चिक असावं यावर वाद होऊ शकतो, आणि मलाही आकडा फुगलेला वाटतो. पण काम गरजेचं होतं.

दुसरं, ऑक्टोबरबद्दल. या देशात मोकळा महिना कुठला? उत्तरेला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळं, पूर्वेला ऑक्टोबरपासून गडगडाटी वादळं, उन्हाळ्यात दक्षिणेला वणवे, हिवाळ्यात आमच्याकडे एकामागून एक येणारे थंड वारे आणि पाऊस. कधीही बदललं असतं तरी कुणाच्या तरी मोसमात बदललं असतं.


धनेश

साडेपाचशे कोटी!! एवढ्यात आपल्याकडे किती रडार बसली असती.


रुपेरी_कडा (मेलबर्न)

धनेश, दोन्ही लागतात. रडार लाख बसवा, त्याचं चित्र माणसाच्या हातात वेळेवर आणि कळेल असं पोचलं नाही तर ते डोंगरावर नुसतं फिरत राहणार.


पश्चिमवारा (ब्रिस्बेन)

रुपेरी_कडा, फोड दिलीत ते फार बरं केलंत. सुरक्षेचं काम करायलाच हवं होतं, त्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही.

पण तुमच्याच लिहिण्यातून माझा मुद्दा पक्का होतो. तुम्ही म्हणता तसा या देशात मोकळा महिना नसेल, तर एका तारखेला जुनं झाकून नवं उघडणं हाच मार्ग चुकीचा. पाइप आतून बदला, कुलपं बदला, पण समोरची पट्टी लोकांच्या ओळखीची ठेवा. किंवा दोन्ही पानं वर्षभर शेजारी-शेजारी चालवा, पहिल्या पानावर दोन्हींची ठळक दारं ठेवा, एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. नव्याची चाचणी आवृत्ती आधी बरेच महिने उपलब्ध होती हे मला माहीत आहे. पण तिथे मुद्दाम जाणारे कोण? ज्यांना नव्याची हौस आहे ते. माझी शेजारीण कशाला जाईल? तिचं जुनं पान नीट चाललेलं होतं.

आणि सुरक्षेच्या कुठल्या नियमात लिहिलंय की लाल रंगाची जागा बदला?


काळी_माती (टूवूंबा)

मूळचा परभणीचा, इथे डार्लिंग डाउन्सवर कृषिसल्लागार म्हणून काम करतो. काळी जमीन बघून गावाकडचीच आठवण येते, फक्त एकेक शेत आपल्या अख्ख्या शिवारापेक्षा मोठं. शहरातल्या लोकांचं लक्ष रडारवर आहे. शेतकऱ्यांची तक्रार त्याहून जुनी आणि खोल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आमच्याकडे गहू काढणीचा काळ. दाण्यात ओलावा साडेबारा टक्क्यांच्या वर गेला की गोदामात गहू घेत नाहीत, परत पाठवतात. उभ्या पिकावर पाऊस पडला की दाणा फुगतो, वजन घटतं, कोंब फुटला तर माणसाच्या खाण्याचा गहू जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो. त्यामुळे उद्या दुपारी पाऊस आहे का, किती मिलिमीटर, आणि आमच्या शेतावर आहे की डोंगरापलीकडे, या तीन प्रश्नांवर रात्रभर कापणी यंत्र चालवायचं की चालकांना झोपू द्यायचं ते ठरतं.

आता 'आमच्या शेतावर' हे संगणकाला सांगायचं कसं? इथल्या शेतकऱ्याला गावाचं नाव उपयोगी नसतं, जवळचं गाव पन्नास-साठ किलोमीटरवर असू शकतं. तो आपल्या शेताचे अक्षांश-रेखांश टाकून तिथलाच अंदाज काढायचा. नव्या संकेतस्थळावर ती सोय गेली. ही तक्रार पहिल्या आठवड्यापासून शेतकरी जीव तोडून करतायत. नकाशावर बोटाने जागा शोधा म्हणे. ट्रॅक्टरमधे बसून, धुळीने माखलेल्या बोटाने, मोबाइलला एक काडी रेंज असताना?

रेंजवरून आठवलं. जुनी पानं दिसायला जुनाट होती पण वजनाला अगदी हलकी. अक्षरं, तक्ते आणि छोटी चित्रं. अर्ध्या काडीवरही तक्ता उतरायचा. नव्या पानांत सरकणारे नकाशे, चिन्हं, थरावर थर. शहरात फायबरवर बसून चाचणी घेणाऱ्याला हे जाणवणारच नाही.

फवारणीचंही तसंच. तणनाशक मारताना वाऱ्याचा वेग आणि 'डेल्टा टी' बघतात, म्हणजे कोरड्या आणि ओल्या तापमापकातला फरक. तो २ ते ८ च्या मधे असेल तर फवारा. खाली असेल तर थेंब हवेत तरंगत शेजाऱ्याच्या कपाशीवर जातो, वर असेल तर पानावर पडायच्या आधीच वाळतो. शेजाऱ्याची कपाशी जळली तर प्रकरण वकिलाकडे जातं. एवढं सगळं ज्या तक्त्यावर अवलंबून, तो तक्ता कुठे हलवला हे शोधण्यात पहाटेचा एक तास घालवायचा? पहाटेचाच तास फवारणीचा असतो.

मला विचाराल तर ज्यांनी हे पान आखलं त्यांच्या डोळ्यांसमोर 'उद्या छत्री घेऊ का' असं विचारणारा माणूस होता. त्याच्यासाठी नवं पान खरंच सुटसुटीत आहे, हे मान्य. पण त्याला फोनवरचं कुठलंही अ‍ॅप पुरतं. सरकारी खात्याच्या पानावर जाणारा माणूस तो नव्हे.


गारठा (न्यू जर्सी)

अमेरिकेत हे आम्ही डिसेंबर २०२० मधे भोगलंय. नॅशनल वेदर सर्व्हिसने रडारचं पान बदललं. कारणही तसंच सयुक्तिक होतं: जुनी लूप फ्लॅश नावाच्या जुन्या तंत्रावर चालायची आणि त्या महिन्याअखेर फ्लॅश बंदच होणार होतं. नवं पान आलं ते मंद, जड, आणि एका ठाण्याचं साधं हलतं चित्र बघायला चार ठिकाणी टिचक्या मारा. लोक भयंकर चिडले. शेवटी साध्या हलत्या चित्रांची पानं मागच्या दाराने ठेवलेली होती, त्यांचे पत्ते एकमेकांना देत-घेत लोकांनी निभावलं. मी अजून तीच वापरतो. न्यू जर्सीत जुलैच्या संध्याकाळी वादळं येतात तेव्हा मला फिरवता येणारा पृथ्वीचा गोल नको असतो, फोर्ट डिक्सच्या ठाण्याचं शेवटच्या तासाभराचं चित्र हवं असतं.

म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा धडा समोर होता. हवामान खाती एकमेकांशी रोज बोलतात, निरीक्षणांची देवाणघेवाण करतात. हे एवढं विचारायला काय हरकत होती?


बांधावरचा (ब्रिस्बेन)

मी वेस्ट एंडला नदीपासून दोन गल्ल्यांवर राहतो. आमच्यासाठी रडारपेक्षा नदीच्या पातळीचा तक्ता महत्त्वाचा. फेब्रुवारी २०२२ च्या पुरात मी तीन रात्री तो तक्ता उघडून बसलो होतो. तीन दिवसांत शहरावर सहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. तक्त्यात काय असायचं? ठाण्याचं नाव, वेळ, पातळी आणि एक शब्द: चढते आहे, स्थिर आहे, किंवा उतरते आहे. बास. शहराच्या मापकावर १.७ मीटर म्हणजे किरकोळ पूर, २.६ मध्यम, ३.५ मोठा. २०११ ला पाणी ४.४६ वर गेलं होतं, त्याची खूण आमच्या इमारतीच्या तळघराच्या खांबावर आहे. २०२२ ला ३.८५ वर थांबलं. रात्री दोनला 'स्थिर' हा शब्द वाचला तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर नेलेल्या शेजाऱ्यांच्या पोरांना झोपायला सांगितलं.

त्या तक्त्यात सौंदर्य शून्य होतं. पण रात्री दोनला, हात थरथरत असताना, तो वाचता येत होता. नव्या पानावर ही माहिती नाहीये असं मी म्हणत नाही, आहे. पण ती नकाशावरच्या टिंबांत आहे, आणि टिंब नेमकं कुठलं ते शोधायचं. माझ्या वरच्या आणि खालच्या ठाण्यांची पातळी एकाखाली एक बघायची असेल तर? वरच्या ठाण्यावर पाणी उतरायला लागलं की अजून किती तासांनी आपल्याकडे उतरेल हे त्यावरूनच कळतं. एकाखाली एक ओळी असलेल्या साध्या तक्त्याला पर्याय नाही.

बॉमने २०२२ ला आपल्याला 'बॉम' म्हणू नका असं माध्यमांना कळवलं होतं, तेही ऑक्टोबरमधेच, पूर्वेकडची राज्यं पुरात असताना. तेव्हाही लोक खवळले होते. वरचं रूप सजवण्याची घाई आणि बाहेरचं पाणी याची सांगड त्या खात्यात कोणी घालतं की नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.


वाशिष्ठी (चिपळूण)

हा धागा सकाळपासून वाचतेय. खरं सांगू, मला तुमच्या देशाचा हेवा वाटला.

२२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पहिला मजला बुडेपर्यंत पाणी होतं. त्या रात्री आम्ही काय बघत होतो? व्हॉट्सअ‍ॅप. कोण म्हणे धरणातून पाणी सोडलंय, कोण म्हणे भरतीमुळे चढतंय, कोणी दोन वर्षं जुना व्हिडिओ पाठवतंय. वाशिष्ठी नदीची पातळी आत्ता किती आणि ती चढतेय की उतरतेय, हा एक शब्द आम्हाला कोणी दिला असता तर दुकानदारांनी निदान माल वर टाकला असता. बांधावरचा, तुम्ही त्या तक्त्याबद्दल लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असं आपल्याकडे कधी येईल?

आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय हेही सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आज कुलाब्याला आहे, वेरावलीला २०२२ मधे दुसरं आलं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, शेतकऱ्यांसाठी 'मेघदूत' आहे. पिवळा, नारिंगी, लाल इशारे आता गावागावात कळतात. शाळेला सुट्टी मिळणार का हे पोरं त्यावरूनच ठरवतात.

पण इथे हवामान खात्याने उद्या सगळं संकेतस्थळ बदललं तर गदारोळ होईल का? मला नाही वाटत. कारण रडार स्वतः उघडून, दोन चित्रं ताडून, "वीस मिनिटं आहेत" म्हणणारी शेजारीण आमच्या आळीत अजून तयार झालेली नाही. तुमच्याकडे लोक भांडले, कारण ते त्या पानावर जीव टाकून होते. असा विश्वास मिळायला खात्याला किती वर्षं लागली असतील! तो हातातला विश्वास असा घालवू नये.


पश्चिमवारा (ब्रिस्बेन)

वाशिष्ठी, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईंना नमस्कार सांग.

तू विश्वासाचं म्हणालीस ते इथल्या सरकारी चर्चेत कोणी बोलत नाहीये. बॉम १ जानेवारी १९०८ ला सुरू झालं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक या खात्याचं ऐकत आलेत. खाजगी अ‍ॅपं ढीगभर आहेत, पण बाहेर आभाळ काळं झालं की माणूस बॉमच उघडतो. नव्या पानाने गोंधळलेले लोक काय करतायत माहितेय? जाहिराती भरलेल्या खाजगी पानांकडे वळतायत. तिथे इशारा अधिकृत असेलच याची खात्री नाही. एकदा सवय मोडली की माणूस परत येत नाही.


तिरपी_उन्हं (सिडनी)

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मला जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांमधे हे बऱ्यापैकी असतं, युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारात एक. जुन्या रडारवरच्या काही छटा मला एकमेकींत मिसळून दिसायच्या. मी बायकोला विचारायचो, "हा नारिंगी की लाल?" त्यामुळे "जुनं तेच बरोबर, हात लावू नका" असं सगळे म्हणायला लागले की मला अस्वस्थ वाटतं. जुन्या रंगांत आमच्यासारख्यांना जागा नव्हती आणि आम्ही कधी मोर्चा काढला नाही.

जुन्या पानात मला सांभाळून घेणारी एकच गोष्ट होती, खालची पट्टी. तिच्यावर 'हलका, मध्यम, जोरदार' असे शब्द लिहिलेले. नवं करायचं होतं तर डागावर बोट ठेवल्यावर शब्दात उत्तर देणारं करायचं होतं: इथे जोरदार, गारांची शक्यता. आणि रंगपट्ट्या दोन ठेवायच्या, ज्याला जी हवी ती त्याने निवडावी. एवढ्या कोटींत एक बटण बसलं असतं.


पश्चिमवारा (ब्रिस्बेन)

रागावण्याचा प्रश्नच नाही. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि तुमची मागणी माझ्यापेक्षा चांगली आहे. पट्टी निवडायची मुभा असती तर २६ तारखेला कोणाचंच अडलं नसतं, तुमचंही नाही. खात्याकडे अभिप्राय पाठवण्याची सोय चालू आहे, हे शब्दशः लिहून पाठवा. रडारचं जुनं रूप परत आलं ते लोकांनी लिहिल्यामुळेच. केंद्रीय मंत्री मरे वॉट यांनीही खात्याला दुरुस्त्या करायला सांगितलंय, म्हणजे दार अजून उघडं आहे.

काळी_माती, अक्षांश-रेखांशाचंही तुमच्या शेतकऱ्यांच्या वतीने एकत्र पाठवता येईल का? एकट्यादुकट्यापेक्षा गटाचं पत्र वाचलं जातं. आमच्या एसईएसच्या तुकडीने ताडपत्रीच्या कामाला काय काय लागतं ते एका पानावर लिहून दिलंय.


काळी_माती (टूवूंबा)

कापणी संपू दे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे जरा मोकळे होतात. तेव्हा बसतो. पाच-सहा जण आत्ताच तयार आहेत.


रुपेरी_कडा (मेलबर्न)

ताई, 'पट्टी ओळखीची ठेवा, पाइप आतून बदला' हे तुमचं वाक्य उद्या आमच्या बैठकीत वापरणार आहे. आमच्याकडेही एका जुन्या सार्वजनिक सेवेचं रूप बदलायचं घाटतंय. मी तिथे म्हणणार आहे की जुनं पान वर्षभर तरी बंद करू नका, आणि चाचणीला रेंज नसलेल्या गावात जा.


सरिता_म (गोल्ड कोस्ट)

एक मदत हवी होती. आईबाबा सुट्टीला आलेत, शनिवारी बार्बेक्यू ठेवलाय आणि दुपारी वादळाचा इशारा आहे. जुनी पानं अजून कुठे दिसतात का? बाबांना जुनं रडार बघायची सवय झाली होती मागच्या खेपेला.


पश्चिमवारा (ब्रिस्बेन)

दिसतात, सरिता. पत्त्यात सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंच्या जागी 'रेग' घाल, पुढे बॉम डॉट गव्ह डॉट एयू तसंच. तिथे जुनं सगळं अजून चालू आहे, किती दिवस ठेवतील ते सांगितलेलं नाही. तुमच्यासाठीही माउंट स्टेपिल्टनच, आयडीआर६६३. लूप लावून ठेव आणि बाबांना नैऋत्येकडे, ब्यूडेझर्टच्या बाजूला लक्ष ठेवायला सांग. तिथे लाल दिसलं की शेगडी विझवून सगळ्यांना घरात घ्या, गाड्या छपराखाली. आणि छपराला काही झालंच तर १३२ ५०० वर फोन कर, आम्ही येतो.